सहा नंबरच्या खोलीचं तापमान

“पण मग चूक कुठं झाली, ते तरी सांगा ना, आर्याजी.”

विश्वदीप अलोणेनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

विहाराच्या ओसरीवर समोर बसलेल्या आर्या उत्तरा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे अकराच वाजले होते, पण विहाराच्या पायरीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. विश्वदीप नागपूरहून स्वतः गाडी चालवत आला होता. आल्या आल्या त्यानं वंदन केलं, पाणी प्यायला आणि लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. तेव्हापासून तो एकटाच बोलत होता.

विहाराच्या मागं निराधार म्हाताऱ्या बायकांचं निवास आहे. नऊ खोल्या, चोवीस बायका. आर्या उत्तरा ते चालवतात. भिक्खुणी होऊन अंगावर चीवर घेण्याआधी त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. विश्वदीप त्यांच्या हाताखाली सातवी शिकला. घर उन्हाळ्यात किती तापेल, ते घर उभं राहण्याआधीच संगणकावर काढून दाखवायचं, हा आता त्याचा व्यवसाय होता. तीन वर्षांपूर्वी निवास बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

त्यानंही जीव ओतून काम केलं. पोकळ भिंती बांधल्या, पांढरं छप्पर घातलं, समोरासमोर खिडक्या ठेवल्या. बिनकूलरचं घर, असं त्याचं नाव झालं. पेपरात फोटो आला, बक्षीस मिळालं. कुठं भाषण करायला उभा राहिला, की तो याच घरापासून सुरुवात करायचा.

दोन वर्षांपूर्वी बाजारातला एक व्यापारी निवासाला नऊ कूलर द्यायला निघाला होता. आर्याजींनी फोन करून विचारलं. विश्वदीप हसला होता.

“परत पाठवा, आर्याजी. कूलर आला की माझं घर हरलं.”

कूलर परत गेले.

आणि आता आठ दिवसांपूर्वी, पारा सत्तेचाळीसवर असताना, सहा नंबरच्या खोलीत गिरजाबाई तोडासे भर दुपारी बरळायला लागल्या. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. त्याच खोलीतल्या पंचफुलाबाई नगराळे दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास गेल्या. तिसऱ्या खाटेवरच्या शेवंताबाई वाचल्या. कशा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सोमवारी जिल्ह्याच्या समितीपुढं चौकशी होती. विश्वदीपला एक पत्र हवं होतं. निवासातल्या खिडक्या ठरल्याप्रमाणे उघड्या ठेवल्या जात नव्हत्या, एवढंच एक वाक्य आणि खाली आर्याजींची सही.

पण पत्र मागायला त्याची जीभ रेटेना. म्हणून तो चूक कुठं झाली, हे विचारत होता.

“बघा तुम्हीच,” तो म्हणाला आणि त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला.

आर्याजींनी सूप बाजूला ठेवलं. चष्मा लावला.

पडद्यावर निवास होतं. छप्पर काढून ठेवल्यासारखं, वरून दिसणारं. नऊ खोल्या नऊ चौकटींत. काही हिरव्या, काही फिकट पिवळ्या. लाल एकही नाही.

“ही सहा नंबरची.” त्यानं चौकटीवर बोट ठेवलं, तशी खाली एक रेष उमटली. दिवसभर थोडी चढत, थोडी उतरत जाणारी. “मे महिन्याचा सगळ्यात वाईट दिवस धरलाय. बाहेर सत्तेचाळीस. आत दुपारी तीन वाजता किती? चौतीस पॉइंट सहा. चौतीसात कुणी मरतं का, आर्याजी?”

आर्याजी बराच वेळ रेषेकडं बघत राहिल्या.

“यात पंचफुला कुठं आहे?”

“म्हणजे?”

“तिची खाट खिडकीशी होती. कुठं आहे ती?”

“तसं नसतं यात. माणूस दाखवत नाहीत. माणसाच्या अंगातून उष्णता निघते ना, तेवढी फक्त धरतात. माणशी सत्तर वॅट. बसल्या जागी असलेला माणूस.”

“सत्तर.”

“हो. सहा नंबरमध्ये तीन माणसं धरलीत. खोलीत तिघी राहणार, हे तुम्हीच सांगितलं होतं.”

“तेव्हा होत्या तिघी…”

बाहेरून एक ट्रक गेला. कोळशाचा. त्याच्या मागोमाग दुसरा. ओसरीवरचं बोलणं तेवढा वेळ थांबलं.

“आता एकच आहे,” आर्याजी म्हणाल्या. “एकच धर.”

“त्यानं काय होणार?”

“मला बघायचंय.”

विश्वदीपनं तीनचा आकडा खोडून एक केला. संगणक मिनिटभर विचार करत बसला. मग रेष पुन्हा उमटली. दिसायला होती तशीच.

“किती आलं?”

“चौतीस पॉइंट दोन.”

“आधी होतं चौतीस पॉइंट सहा.”

“हो.”

“म्हणजे गिरजा आणि पंचफुला गेल्या, त्यानं खोली…”

“थंड झाली,” विश्वदीप बोलून गेला.



“कितीनं?”

त्यानं पडदा थोडा आपल्याकडं वळवून घेतला.

“कितीनं, विश्वदीप?”

“शून्य पॉइंट चार.”

आर्याजींनी मान हलवली. वर्गात हलवायच्या तशीच.

“वजाबाकी बरोबर आहे.”

त्याला ते फार लागलं. लागलं की माणूस चिडतो, तसा तोही चिडला. गेले आठ दिवस जे मनात दाबून ठेवलं होतं, ते सगळं भसाभसा बाहेर आलं.

“तुम्ही मला असं बोलू नका, आर्याजी. आकडा खोटा नाही. घर खोटं नाही. संध्याकाळी खिडक्या उघडायच्या, सकाळी लावायच्या, एवढंच करायचं होतं. मी कागद लिहून दिला होता, प्रत्येक कपाटाच्या दारावर चिकटवला होता. पोलिसांनी रात्री खोली बघितली तेव्हा दोन्ही खिडक्या कड्या घालून बंद. कुणी लावल्या खिडक्या?”

“मी.”

तो थांबला.

“रोज संध्याकाळी सहाला,” आर्याजी म्हणाल्या. “माझ्या हातानं.”

त्यांनी उजवा तळवा फरशीवरून फिरवला आणि त्याच्यासमोर धरला. ओसरी सकाळी पुसलेली होती. तळवा काळा झाला होता.

“खाणीचा रस्ता गेल्या वर्षी इकडून वळवला. दिवसा ट्रक कमी असतात. दिवस मावळला की रांग लागते, ती उजाडेपर्यंत. खिडकी उघडी ठेवली की सकाळी उशीवर डोक्याचा आकार पांढरा उरतो, बाकी सगळं काळं. पंचफुलाचा खोकला रक्तापर्यंत गेला. मग मी लावायला लागले.”

विश्वदीप त्या काळ्या तळव्याकडं बघत होता.

“गिरजा म्हणायची, आर्याजी, जीव घाबरा होते, जराशी उघडा. मी म्हणायचे, गिरजा, हे घर विश्वदीपनं बांधलंय. हे तापायचं नाही.”

त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. जे झालं, ते त्या सांगत होत्या.

“म्हणून मी कूलरवाल्याला परत बोलावलं नाही,” त्या म्हणाल्या.

विश्वदीपला वाटलं, आता उठावं. पत्र नको, काही नको. पण उठून जायचं तरी कुठं? बाहेर नुसतं ऊन पेटलेलं होतं.

“आता लाव,” आर्याजी म्हणाल्या.

“काय?”

“तुझ्या त्या घरातल्या खिडक्या. सहा नंबरच्या. संध्याकाळी सहाला लाव. तिघींनाही परत आत घे. मग काय येतं ते सांग.”

विश्वदीपनं लॅपटॉप जवळ ओढला. एकाचे तीन केले. खिडक्यांचा तक्ता उघडला, तिथली वेळ पुसली.

“एक्केचाळीस पॉइंट दोन,” तो म्हणाला.



आर्याजी पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर अजून जुनीच रेष होती. जुनाच आकडा होता.

“बटण दाबायचंय अजून,” त्या म्हणाल्या.

विश्वदीपचं बोट बटणावर होतं, ते तिथंच राहिलं.

“वर्गात असं व्हायचं कधी कधी,” आर्याजी म्हणाल्या. “उदाहरण फळ्यावर लिहून होत नाही, तोवर मागच्या बाकावरून उत्तर यायचं. रीत नाही, मांडणी नाही, नुसतं उत्तर. तेव्हा मी काय समजायचे?”

त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि थेट डोळ्यांत उतरला. त्यानं तो पुसला नाही.

“काय समजायचे, विश्वदीप?”

“की… पोरानं उत्तर आधीच बघितलंय.”

“कधी बघितलंस?”

तीन वर्षं त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, भागीदाराला नाही. स्वतःशीसुद्धा नीट शब्दांत बोलला नव्हता. पण आकडा जिभेवर तसाच्या तसा राहिला होता.

“तुम्ही विचारलं होतं, त्याच दिवशी,” तो म्हणाला. “नकाशा दाखवायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, खाणीचा रस्ता इकडून येणार म्हणतात, धुळीपायी खिडक्या लावून घ्याव्या लागल्या तर? मी म्हणालो, तशी वेळच येणार नाही, बाई.”

बाई. वीस वर्षांपूर्वीचा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला. दोघांनीही तो दुरुस्त केला नाही.

“मग संध्याकाळी ऑफिसात बसून सहज लावून बघितल्या. सगळं लाल झालं. सहा नंबर सगळ्यात जास्त, पश्चिमेची भिंत आहे ना तिला… एक्केचाळीस पॉइंट दोन.”

“मग?”

“फाइल बंद केली.”

“जपून ठेवली?”

“नाही. बंद करताना संगणक विचारतो, केलेला बदल ठेवायचा का, म्हणून. मी नाही म्हटलं.”

“का?”

“दुसऱ्या दिवशी तुमच्या विश्वस्तांना दाखवायचं होतं. लाल दिसलं असतं तर कूलर मांडावे लागले असते. कूलर मांडले की मग ते… साधंच घर झालं असतं. कुणीही बांधलं असतं असं.”

आर्याजींनी चष्मा काढला. चीवराच्या टोकानं पुसला. पुसूनही तो पुन्हा लावला नाही.

विश्वदीप वाट बघत राहिला. त्या रागावतील म्हणून. रडतील म्हणून. निघून जा म्हणतील म्हणून. यातलं काहीही चाललं असतं त्याला.

त्या उठल्या आणि आत गेल्या. आल्या तेव्हा हातात घडी केलेला कागद होता.

“तू हे न्यायला आलास ना?”

त्यानं कागद उघडला. अक्षर तेच होतं, फळ्यावरचं, सरळ आणि मोठं. निवासातल्या सगळ्या खिडक्या गेलं वर्षभर रोज संध्याकाळी सहा वाजता मी स्वतः लावत होते. त्या रात्रभर उघड्या ठेवाव्यात, असं मला लेखी सांगितलेलं होतं. खाली सही. तारीख तीन दिवसांपूर्वीची.

त्याला जे हवं होतं, ते सगळं त्यात होतं. हवं होतं त्याहून जास्तच होतं. या कागदावर तो सहज सुटला असता आणि आर्याजी अडकल्या असत्या.

“यात…” त्यानं कागद उलटून मागची बाजू बघितली. “यात माझं ते काहीच नाही. त्या संध्याकाळचं.”

“ते मला आत्ता कळलं.”

“मग हा कागद बदलायला हवा ना, आर्याजी.”

“मी माझं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “त्यात काय बदलू?”

पुढं काय झालं, ते सांगून टाकतो. सोमवारी विश्वदीपनं समितीपुढं दोन्ही आकडे ठेवले. चौतीस पॉइंट सहा आणि एक्केचाळीस पॉइंट दोन. दुसरा आकडा कधी बघितला आणि त्याचं काय केलं, तेही सांगितलं. आर्याजींचा कागदही दिला, कारण तो न देणं म्हणजे पुन्हा एक फाइल बंद करणं झालं असतं. ठपका दोघांवर आला. त्याचं बक्षीस काढून घेतलं, दोन वर्षं सरकारी काम मिळणार नाही असा हुकूम निघाला. भागीदार वेगळा झाला. आर्याजींना निवासाच्या कारभारातून दूर व्हायला सांगितलं. त्या झाल्या. पण बायकांचं अंग पुसायला, त्यांना भरवायला त्या जात राहिल्या, आणि तिथं त्यांना कुणी अडवलं नाही. जूनच्या तीन तारखेला नऊ खोल्यांना नऊ कूलर लागले. त्यांना बसवायला जागा नव्हती, म्हणून खिडक्यांचे गज कापावे लागले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी विश्वदीपनं कागदाची घडी केली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि वंदन करायला वाकला.

“निघतो, आर्याजी.”

“सहा नंबरमध्ये जाऊन ये.”

त्या घटनेनंतर त्यानं निवासाच्या दारातसुद्धा पाऊल टाकलं नव्हतं. आजही गाडी मुद्दाम विहाराच्या पुढच्या अंगाला लावली होती.

“उशीर होईल. सोमवारची तयारी…”

आर्याजी चालायला लागल्या होत्या.

तो मागोमाग गेला. बोळाच्या भिंती त्यानंच पांढऱ्या निवडल्या होत्या. आता त्या कमरेपर्यंत करड्या झाल्या होत्या आणि त्यावर आधार घेत चालणाऱ्या हातांचे पंजे उमटले होते. काही पंजे पुसट, काही ताजे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून म्हाताऱ्या बायका पडून होत्या. कुणी बोलत नव्हतं. बोलायलाही अंगात जोर लागतो.

सहा नंबरचं दार उघडंच होतं. वीज गेलेली. पंखा थांबलेला.

आत पाऊल टाकलं आणि त्याचा श्वास छातीतच अडला. आजवर त्यानं हजारो खोल्यांची तापमानं बघितली होती, पण अशा खोलीत भर दुपारी कधी उभा राहिला नव्हता. भिंत अंगावर आल्यासारखी तापली होती. सवयीनं त्याचं मन आकडा शोधायला लागलं. किती असेल? अडतीस? चाळीस? आकडा काही येईना.

तीन लोखंडी खाटा होत्या. दोन खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. तिसरीवर, दाराशी, शेवंताबाई होत्या. डोक्यावर ओला पंचा. हात इतके बारीक, की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

“कोण आलं जी?”

“मी… विश्वदीप.”

“डॉक्टर होय?”

“नाही, आजी.”

“बस नं, बापा. उभा कायले राहतं.” त्यांनी शेजारच्या खाटेकडं हात केला. “ते गिरजाची होय. बस, काई म्हणत नाही ते.”

तो खाटेवर बसला नाही. खाली फरशीवर बसला. फरशीही गरम होती.

शेवंताबाईंनी हात पुढं करून चाचपडत त्याची दोन बोटं धरली. हात सुकलेल्या पानासारखा हलका आणि तापलेला होता.

“गावावरून आला का गा तू? मंग तुले ठावं असन. पंचफुला कवा येते? आठ दिस झाले. तिची गादी गुंडाळून ठेवली पोरींनं, कोणी सांगतच नाही मले.”

विश्वदीपनं दाराकडं बघितलं.

आर्याजी उंबऱ्यात उभ्या होत्या.

“रोज विचारते,” त्या म्हणाल्या. “रोज मी सांगते. ऐकते, रडते, रडून झोपी जाते. उठली की विसरलेली असते.”

शेवंताबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. बोटं घट्ट धरून.

“सांग नं गा… कवा येते?”

त्यानं पुन्हा दाराकडं बघितलं. या वेळी बराच वेळ.

आर्याजी जागच्या हलल्या नाहीत.

“आज तू सांग,” त्या म्हणाल्या.